नकाराचे पत्र म्हणजे शेवट नव्हे : फौजीची पाठ आणि अपंगत्व पेन्शन

इंझोरीतल्या एका घरी बीपी तपासायला गेले होते. घरातले काका फौजेतून आलेले. खाली बसता येत नाही, उजव्या पायात कळ जाते. अपंगत्व पेन्शनचे विचारले तर काकूंनी पेटीतून इंग्रजी पत्र काढले. अर्थ एवढाच, की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीने वाढलाही नाही. काका म्हणाले, "सरकारनंच नाही म्हटलं, आता काय करता?"

करता येते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांत फौजेची पेटी आहे. तुमच्या पेटीत असे पत्र असेल तर हे वाचा.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वर्षानुवर्षे ओझे, गाडीचे हादरे, चढउतार यांनी ती झिजते किंवा सरकते आणि नस दाबते. हे एका दिवसात घडत नाही. म्हणून अपघाताचा कागद नाही, एवढ्यावर खचू नका.

धरमवीर सिंग १९८५ मध्ये फौजेत गेले. १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवले आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे. आजार नोकरीमुळे नाही, हे सरकारने सिद्ध करायचे. वैद्यकीय मंडळाने कारणे लिहायची. शंकेचा फायदा सैनिकाला. पाठीच्या आजारालाही हेच तत्त्व लावून मागता येते.

अपंगत्व साधारणपणे २० टक्के किंवा जास्त लागते. ५० पेक्षा कमी असेल तर पेन्शनसाठी ते ५० धरतात. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ २०१४ च्या निकालाने मिळाला. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांना मात्र नवे नियम आहेत.

काय करावे?

१. भरतीची वैद्यकीय तपासणी, निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि फौजी दवाखान्याचे कागद गोळा करा. नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करा.

२. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करा. तेही फेटाळले तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरे. अर्जाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

३. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफी मागता येते. थकबाकी मात्र बहुधा मागच्या तीनच वर्षांची मिळते.

४. वकिलाच्या फीची भीती नको. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जातीचा दाखला घेऊन जा.

एक इशारा नर्स म्हणून देते. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. मालिश करत बसू नका.

काकूंनी पत्र पुन्हा पेटीत ठेवले नाही. त्यावर तारीख शोधली आणि महिने मोजले. तुम्हीही आधी तेच करा.