गाण्याच्या तिकिटाचें मोल

महाड-पोलादपूरकडील गांवांत उत्सवप्रसंगीं शक्तीवाले व तुरेवाले यांची जाखडी रात्रभर रंगते. ती पाहावयास कोणी तिकीट मागत नाहीं. तीच मुंबईच्या नाट्यगृहांत झाली कीं दारावर तिकीट लागतें. जानेवारी २०२५ मध्यें नवी मुंबईंत कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन जलसे झाले. त्यांचीं तिकिटें २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होतीं. दोन तासांच्या गाण्याला एवढें मोल कां, असें विद्यार्थी विचारितात. त्याचीं मुख्य कारणें तीन.

पहिलें कारण श्रमाचें. यंत्राच्या साह्यानें एक विणकर अनेकांचें काम करितो. परंतु अर्ध्या तासाचा ख्याल पांच मिनिटांत आटोपतां येत नाहीं. इतर धंद्यांतील वेतन वाढलें कीं कलावंताचेंही वाढवावें लागतें. श्रम मात्र वांचत नाहींत. बॉमोल व बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं हाच सिद्धांत मांडिला.

दुसरें कारण खर्चाचें. रंगमंच, दिवे, ध्वनिवर्धक, वाहतूक, बंदोबस्त आणि जागेचें भाडें हें सर्व तिकिटांतूनच भागवावयाचें. शिवाय वरील जलशांच्या वेळीं तिकिटावर १८ टक्के कर होता. बालगंधर्वांच्या नाटकांना गर्दी लोटत असूनही भारी पोषाख व सजावट यांपायीं त्यांची मंडळी कर्जांत बुडाली, हें प्रसिद्धच आहे.

तिसरें कारण मागणीचें. जागा मोजक्या आणि इच्छुक असंख्य. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं मुंबईंत संयुक्त ‘मानापमान’ केलें. तेव्हां १०० रुपयांपर्यंतचीं तिकिटें लोकांनीं आनंदानें घेतलीं. त्याच वर्षीं केशवराव निवर्तले व ती जोडी कायमची मोडली. त्या वेळचा पैसा राष्ट्रकार्यास लागला. कोल्डप्लेचीं तिकिटें दलालांनीं कित्येक पट किमतीस विकावयास काढलीं, तो नफा मात्र कलावंतास मिळत नाहीं.

मग गांवची जाखडी फुकट होते काय? नाहीं. तिच्यासाठीं घरोघर वर्गणी जमते. मुंबईचे चाकरमानीही आपला वांटा पाठवितात. शहर जें मोल एकेकाकडून दारांत घेतें, तें गांव सर्व मिळून आधीं भरतें. आणि ज्याला कांहींच देतां आलें नाहीं, तोही पुढें चटईवर बसून ऐकतो. कलावंतास मोबदला मिळावा व गरिबास गाणेंही मिळावें, अशी ही जुनी सोय आहे. विद्यार्थ्यांनीं मोठेपणीं कोठेंही नोकरी केली तरी गांवची वर्गणी चुकवूं नये.