मेन बोर्ड बदलला आणि टीव्हीचं चित्रच बदललं?

मेकॅनिकने घरी येऊन टीव्ही दुरुस्त करून दिला, पण आता चेहरे निळसर दिसतात? लगेच पॅनेल गेलं असं समजू नका. धारवाडला आमच्याकडेही मेन बोर्ड बदलल्यावर अगदी हेच झालं.

चित्राची सेटिंग्ज मेन बोर्डच्या मेमरीत असतात. बोर्ड गेला की तीही जातात आणि टीव्ही बहुधा 'स्टँडर्ड' किंवा 'व्हिव्हिड' मोडवर सुरू होतो. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं जवळून पाहा. प्रत्येक अक्षराला पांढरी कड दिसली, तर शार्पनेस फार वाढलेला आहे; तो बराच खाली आणा. कलर टेंपरेचर 'वॉर्म' करा, कारण सिनेमा आणि मालिकांचं रंगकाम 6500 केल्विनच्या आसपासचा पांढरा धरून होतं. मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. 2019 मध्ये यूएचडी अलायन्सने जाहीर केलेला 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा, हे काम आपोआप होतं.

एवढं करूनही रंग उलटेपालटे दिसले, तर बोर्डात पॅनेलचा कोड चुकीचा असू शकतो. तो सर्व्हिस मेन्यूतून बदलतात. तिथं स्वतः हात घालू नका. पडद्यावर पांढरे ठिपके दिसत असतील, तर बॅकलाइटच्या एलईडीवरची भिंगं निखळली असणार.

मेकॅनिक येण्याआधी, टीव्ही चालू होत असेल तर, पिक्चर सेटिंग्जचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. आणि तो निघण्यापूर्वी ओळखीचा एखादा सिनेमा लावून बघाच.