सहवैमानिकाची जबाबदारी

प्रवासी विमानाच्या चालककक्षात डाव्या आसनावर कप्तान बसतो, उजव्या आसनावर सहवैमानिक. हा सहवैमानिक म्हणजे केवळ उमेदवार, असा पुष्कळ प्रवाशांचा समज असतो. तो यथार्थ नव्हे. एक जण विमान चालवीत असता दुसरा यंत्रांवर नजर ठेवतो व बिनतारी संदेशांची देवघेव करतो. पुढच्या उड्डाणात कामांची अदलाबदल होते. अंतिम अधिकार मात्र कप्तानाचाच.

म्हणूनच परवान्याच्या अटी कडक आहेत. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात; २०० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा व वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. शिवाय बाहेरचे काही दिसत नसता केवळ यंत्रांच्या आधारे विमान नेण्याची पात्रता मिळवावी लागते आणि ज्या बनावटीचे विमान चालवायचे तिचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. कप्तानपदास लागणारा वरचा परवाना २१ वर्षांनंतर, १५०० तासांच्या अनुभवावर मिळतो.

परंतु तासांच्या हिशेबाने सर्व साधत नाही. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ एक जेट विमान चाकांतील बिघाडामुळे सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. इंधन सरत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते; पण कप्तानाला ते निक्षून बजावले गेले नाही. विमान कोसळले, १० जीव गेले. त्यानंतरच्या काळात कनिष्ठांना वेळीच स्पष्ट बोलण्याचे, आणि वरिष्ठांना ते ऐकून घेण्याचेही, शिक्षण दिले जाऊ लागले. सहवैमानिकाच्या हाताइतकीच त्याची वाणीही प्रवाशांची राखणदार असते.