कांद्याचा ट्रक आणि देशाचा रस्ता

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतहून कांद्याने भरलेला एक ट्रक हैदराबादला निघाला आहे, असे समजा. त्याच्या पाटीवरील ‘एमएच १६’ ही अक्षरे याच जिल्ह्याची. राशीनवरून तो भिगवणला पुणे-सोलापूर महामार्गाला लागेल आणि कर्नाटक ओलांडून तेलंगणात शिरेल. तीन राज्ये झाली. पण चालकाला कुठेही नवा परवाना काढावा लागत नाही, की रस्त्यावरच्या खुणा नव्याने शिकाव्या लागत नाहीत. ही सोय झाली कशी?

पूर्वी रस्ते प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या हाती असत. मोटारी वाढल्या, लांबचा माल रस्त्याने जाऊ लागला, तसा हा खर्च त्यांना पेलेना. म्हणून १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोठे रस्ते ही साऱ्या देशाची बाब आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यांच्यासाठी निधी उभारावा, असे समितीने सुचवले. १९२९ साली तसा निधी सुरू झाला.

आज हे काम केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय पाहते. राष्ट्रीय महामार्ग ठरवणे, त्यांना क्रमांक देणे, वाहनांसाठी देशभर एकच नियम करणे ही त्याची मुख्य कामे. आपल्या ट्रकच्या महामार्गाचा क्रमांक ६५ आहे. २०१० सालच्या पद्धतीनुसार पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम आणि दक्षिणोत्तर महामार्गांना सम क्रमांक मिळतात. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग ४४ क्रमांकाचा का, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

ट्रकने किती भार न्यावा, हेही हे मंत्रालय ठरवते. चार टायरांच्या एका अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त साडेअकरा टन, अशी मर्यादा २०१८ साली घालण्यात आली. एवढी काटेकोर मर्यादा कशाला? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून पाहिले. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला, की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, तर २ × २ × २ × २, म्हणजे सुमारे सोळा पट होते, असे त्यातून दिसले. म्हणजे दुप्पट माल भरून एक खेप वाचवणारा मालक रस्त्याचे आयुष्य मात्र भराभर संपवत असतो. नियम केंद्राचा असला, तरी रस्त्यावर वजन तपासण्याचे काम राज्याच्या परिवहन विभागाचे असते.

शिवाय प्रत्येक रस्ता केंद्राचा नसतो. राज्यमार्ग राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो. गावाकडचे पुष्कळ रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. तुमच्या शाळेजवळच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. शाळेसमोर धोक्याचा खड्डा पडला, तर आधी हा रंग पाहा आणि मग शिक्षकांच्या मदतीने अर्ज लिहा. योग्य कचेरीत पोचलेल्या अर्जाचा उपयोग लवकर होतो.