हेडफोनचा बेस गेलाय? आधी गादी बघा

बारामती-इंदापूर पट्ट्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचा विचार करताय? मग हे छोटं काम शिकून घ्याच. अभ्यासिकेत तासन् तास लेक्चर ऐकणारी मुलं येतात आणि म्हणतात, "दादा, बेस गेला, कानपण दुखतो." लगेच स्पीकर उघडायला घेऊ नका.

बहुतेक गाद्या म्हणजे फोमवर चढवलेलं पीयू, खरं चामडं नव्हे. घाम आणि दमटपणा यांनी त्याचे पापुद्रे सुटतात, फोम बसतो. कान आतल्या कडक भागाला टेकतो, म्हणून दुखतो. फटीतून हवा निसटते, म्हणून बेस जातो. मग मुलं आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी!

गिऱ्हाइकासमोरच तपासा. गाणं लावून दोन्ही कप हाताने हलके दाबायला सांगा. बेस परत आला, तर स्पीकर ठणठणीत आहे.

नव्या गादीसाठी बाहेरचं माप, आतलं भोक आणि जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. कापडी गादी आपल्या उन्हाळ्यात बरी वाटते, पण हवा सोडते, बेस थोडा कमी होतो. जाड गादीने कान स्पीकरपासून लांब जातो, आवाजाचा तोल बदलतो. हे पैसे घेण्याआधी सांगा, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला दारात!

इक्वलायझरला हात शेवटी लावा. जुन्या गादीवर वाढवलेला बेस नव्या गादीवर नुसता घुमतो. आणि एकच गादी फाटली असली तरी जोडीच बदला.