बाळ बोलेपर्यंत थांबायचे

आपली पणतवंडे हल्ली तीन-चार महिन्यांची झाली की माओनमध्ये जातात आणि तीन वर्षांची झाली की गनमध्ये. दिवसाचे जागेपणीचे बरेचसे तास ती मेतापेलेत, सायात आणि गनेनेत यांच्याजवळ काढतात. २०२२ साली माओनची देखरेख शिक्षण मंत्रालयाकडे आली, आणि मूल बोलायला कसे लागते हे या बायकांना शिकवण्याची गरज आता अधिक बोलून दाखवली जाते. माझी नात माओनमध्ये काम करते. तिच्याकडून जे समजले ते लिहिते.

या शिक्षणाची एक प्रसिद्ध पद्धत कॅनडातील हानेन केंद्राची आहे. आयला मॅनोल्सन या वाचातज्ज्ञ बाईंनी ती १९७५ साली सुरू केली. प्रथम ती आईबापांसाठी होती, पुढे बालवाडीच्या शिक्षिकांसाठीही वर्ग निघाले. त्यातले मुख्य सूत्र साधे आहे: मुलाकडे पाहा, थांबा, ऐका.

साधे म्हटले, पण थांबणेच कठीण जाते. समजा, सव्वा वर्षाचे मूल कुंपणाबाहेरच्या मांजराकडे बोट दाखवते. आपण लगेच विचारतो, “ते काय आहे? हातुल! म्हण हातुल!” प्रश्नही आपला, उत्तरही आपलेच. मूल गप्प. शिकलेली मेतापेलेत खाली बसते, मुलाच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकी खाली, आणि मनात दहा आकडे मोजते. मूल “तू” म्हणते. मग ती म्हणते, “हातुल. काळा हातुल. पळाला!” चुकले असे म्हणत नाही, फक्त त्याच्या शब्दाला आपले एक-दोन शब्द जोडते. पुन्हा थांबते.

या वर्गात मुलांबरोबर खेळताना बायकांची फिल्म घेतात आणि वाचातज्ज्ञ त्यांच्याशेजारी बसून ती दाखवते. माझी नात स्वतःला पाहून लाजली. सारखी तीच बोलत होती! कोपऱ्यातली एक शांत मुलगी तिच्याकडे तीनदा पाहत होती, ते तिला फिल्ममध्येच दिसले. गर्दीत बडबड्या मुलांना उत्तर मिळते, गप्प मुले राहून जातात. म्हणून चार-पाच मुले घेऊन बसायचे, आणि लंगोट बदलण्याची वेळही गप्पांची मानायची, कारण तेव्हा ते मूल एकटेच आपल्यापाशी असते.

आता मराठीविषयी. माझा थोरला गनमध्ये होता तेव्हा त्याच्या गनेनेतने मला बजावले होते, “घरी फक्त इव्रीत बोला.” माझी इव्रीत ओलपानमधली, मोजक्या शब्दांची. मी ऐकले, आणि मुलाशी बोलणेच कमी झाले. चिऊकाऊची गोष्ट त्याला कधी सांगितलीच नाही. तुमच्यापैकी कितीजणींचे असेच झाले असेल!

आज अगदी उलट शिकवतात. आईबाप, आजीआजोबा यांनी ज्या भाषेत मोकळेपणी बोलता येते त्याच भाषेत बोलावे. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळली तरी काळजी नको. त्याचे शब्द मोजताना दोन्हीकडचे धरायचे, “पाणी” हाही शब्द आणि “मायिम” हाही. मात्र दोन्ही भाषांत मिळून बोलणे फारच कमी असेल तर मराठीला दोष देत बसू नये. तिपात हलावमध्ये सांगावे आणि आधी कान तपासावेत. कानात पाणी साठून ऐकू कमी येणे लहान मुलांत पुष्कळदा घडते.

आपल्यासारख्यांना करण्याजोगे एक काम आहे. मूल घरी कोणते मराठी शब्द बोलते ते गनेनेतला कळवावे, नाहीतर तिला ते नुसते आवाज वाटतात. मी पणतूचे शब्द इव्रीत अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दिले: पाणी, आजी, भू, नको. “नको” तिने आधीच ओळखला होता म्हणे.