बंगळुरूचा हिवाळा आणि कचेऱ्यांची पूर्वतयारी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूत जानेवारीतले सरासरी किमान तापमान १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि शहराच्या नोंदींतला नीचांक, म्हणजे ७.८ अंश, १३ जानेवारी १८८४ रोजीचा आहे. बर्फाळ देशांतल्या मुख्यालयांत तयार झालेली हिवाळी नियमावली अशा गावात निरुपयोगी ठरते. मात्र त्यावरून येथे तयारीच नको असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण येथील हिवाळ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत.

पहिली अडचण पावसाची आहे. दसरा झाला की छत्री माळ्यावर टाकणाऱ्या मराठी माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण नैर्ऋत्य मोसमी वारे परतल्यावर बंगालच्या उपसागरावरून उलट दिशेने येणारे वारे, म्हणजेच ईशान्य मोसमी वारे, ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान दक्षिणेकडे पाऊस आणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता टेक पार्कमध्ये पाणी शिरले आणि अनेक कंपन्यांना कर्मचाऱ्यांना घरूनच काम करण्यास सांगावे लागले. गच्चीवरचे नळ-पन्हळ साफ करणे, तळघरातले पंप चालवून पाहणे आणि तेथील विजेचे पॅनेल उंचावर नेणे ही कामे म्हणूनच दिवाळीआधी उरकलेली बरी.

धुके डिसेंबर-जानेवारीत पहाटे पडते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेल्या हवेतले बाष्प गोठणबिंदूच्या कितीतरी वरच्या तापमानालाच सूक्ष्म थेंबांत बदलते आणि देवनहळ्ळीच्या मोकळ्या माळावरील विमानतळाला त्याचा फटका बसतो. तेथील धावपट्टीवर डिसेंबर २०२० मध्ये अत्यल्प दृश्यमानतेत विमान उतरवण्याची ‘कॅट-३ बी’ यंत्रणा सुरू झाली, तरी सकाळी दहाच्या बैठकीसाठी पाहुण्यांना पहाटेच्या विमानाने बोलावणे शहाणपणाचे नाही.

तरीही बंगळुरूच्या नोकरदाराला खरी थंडी वाजते ती कचेरीच्या आत, आणि ती निसर्गनिर्मित नसते. वातानुकूलनाचे प्रचलित निकष डॅनिश शास्त्रज्ञ ओले फँगर यांच्या संशोधनातून आले. त्यांतील शरीराच्या उष्णतानिर्मितीचा अंदाज पुरुषाच्या शरीरावर बेतलेला असल्याने तो स्त्रियांना लागू पडत नाही, असे २०१५ मध्ये डच संशोधकांनी दाखवून दिले. खुर्चीच्या पाठीवर बारमाही लटकणाऱ्या शाली आणि स्वेटर हाच येथील सर्वांत सामान्य पुरावा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २४ अंशांची शिफारस करतो आणि हिवाळ्यात तर बाहेरची हवाच सकाळी त्याहून बरीच थंड असते. तेव्हा शीतयंत्र थांबवून, झडपा उघडून ती गाळून आत घेण्याची सोय, जिला ‘इकॉनॉमायझर’ म्हणतात, तपासून सुरू ठेवली तर वीज वाचते आणि कोंदटपणाही कमी होतो. काचेच्या बंद पेट्या बांधणाऱ्या या शहरातच, डोमलूरला, टेरी संस्थेची इमारत उभी आहे: तिच्या दक्षिणेकडील भिंत उन्हाने तापते, तिच्यालगतची गरम हवा वर निघून जाते आणि त्या ओढीने उत्तरेकडची गार हवा आत येते. हे तंत्र डोळ्यांसमोर असताना ते फारसे अनुकरले गेले नाही, याला अनास्थेखेरीज दुसरे नाव नाही.

या सर्व नियोजनातून बहुधा सुटतात ते फाटकावरचे रखवालदार आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना पहाटे घरी सोडणारे कॅबचालक. रखवालदार पालापाचोळा, पुठ्ठे पेटवून शेकतात. तीच शेकोटी बंद केबिनमध्ये पेटली की कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गंध नसलेला विषारी वायू, साचून जीव जाऊ शकतो. जाड जॅकेट, वारा अडवणारी केबिन, रात्री दोनला गरम चहा आणि चालकांना धुक्यात वेळेची सक्ती नको, एवढा खर्च कोणत्याही कंपनीला परवडणारा आहे. हे लोक कंत्राटदाराचे आहेत, ही सबब पुढे करून तो टाळू नये.